न ऐकलेला नकार
(बार्बारा किंग्सॉल्व्हर यांच्या ‘द पॉइझनवुड बायबल’ ह्या कादंबरीचें परीक्षण)

परोपकार करणाऱ्याविषयीं आपल्या वाङ्मयांत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें उपकृताविषयीं लिहिलेलें आढळत नाहीं. देणाऱ्याचें औदार्य, त्याचे कष्ट, त्याचा त्याग यांचीं वर्णनें सुभाषितांपासून चरित्रांपर्यंत सर्वत्र सांपडतात. परंतु ज्याच्या दारीं हा उपकार येऊन उभा राहिला त्याला तो हवा होता काय, हवा असल्यास ह्याच स्वरूपांत हवा होता काय, आणि नको असता तर तसें म्हणण्याची सोय त्याला होती काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकन लेखिका बार्बारा किंग्सॉल्व्हर यांची १९९८ सालीं प्रसिद्ध झालेली ‘द पॉइझनवुड बायबल’ ही कादंबरी हेच प्रश्न विचारते. तिला प्रसिद्ध होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तथापि ज्या प्रवृत्तीचा ती समाचार घेते ती प्रवृत्ति अद्याप ओसरलेली नाहीं. म्हणून ह्या कादंबरीचा परामर्श आज घेणें अप्रस्तुत होणार नाहीं असें वाटतें.

ती प्रवृत्ति म्हणजे ठराविक मुदत बांधून परदेशीं धर्मसेवेस जाणें ही होय. पूर्वींचा मिशनरी घरून निघे तो बहुधा जन्माचा निरोप घेऊनच. १८१३ सालीं मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकीं गॉर्डन हॉल १८२६ सालीं ह्याच भूमींत पटकीनें मरण पावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विमानप्रवास सुलभ झाला, आणि सुट्टीचे एकदोन आठवडे काढून मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, हैती, केन्या अशा देशांत जावें, तेथें घरें बांधावीं, शाळांच्या भिंती रंगवाव्या, मुलांस बायबलांतील गोष्टी सांगाव्या आणि परत यावें, अशी चाल अमेरिकेंतील ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ झाली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनॉ यांनीं २००५ सालीं केलेल्या पाहणीवरून असें जाणाऱ्या प्रौढांची संख्या वर्षास सुमारें १६ लक्ष भरते. ह्या लोकांचा हेतु वाईट असतो असें कोणीच म्हणणार नाहीं. बहुतेक जण आपल्या गांठचे पैसे खर्च करून, आपली सुट्टी मोडून जातात. आपल्या कादंबरींतील कुटुंब दोन आठवड्यांसाठीं नव्हे तर एक वर्षासाठीं गेलेलें आहे. पण जातांना परतीची तारीख मनांत बाळगणें, आणि आपल्याजवळ आहे तें त्यांच्याजवळ नाहीं अशी खातरी असणें, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणीं पुऱ्या आहेत.

कथा थोडक्यांत अशी. नेथन प्राइस हा जॉर्जिया संस्थानांतील बेथलेहेम गांवचा बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक. १९५९ सालीं तो पत्नी ऑर्लिआना आणि चार मुली यांना घेऊन बेल्जियन कांगोंतील किलांगा नांवाच्या एका कल्पित खेड्यांत येतो. थोरली रेचेल आरशांतून डोकें वर न काढणारी. लीआ आणि एडा ह्या जुळ्या, पैकीं लीआ बापाच्या पावलावर पाऊल टाकूं पाहणारी आणि एडा जन्मतः एका अंगानें अधू, मुकी भासणारी, पण सर्वांत तीक्ष्ण बुद्धीची. धाकटी रूथ मे अवघी पांच वर्षांची. विमानांत माणशीं ४४ पौंडच सामान नेतां येतें. म्हणून ह्या मायलेकी अंगावर कपड्यांचे थर चढवून त्यांच्या आड केकच्या तयार पिठाचीं पाकिटें आणि लहानसान हत्यारें लपवून नेतात. कांगोच्या दमट हवेंत तें पीठ दगडासारखें घट्ट होऊन जातें. घरून जें जें म्हणून मोठ्या निगुतीनें आणलें, तें येथें निरुपयोगी ठरतें. आणि पुढील सर्व कथेचें बीज ह्या पाकिटांत आहे.

किलांगाचे लोक ह्या कुटुंबाशीं वाईट वागतात काय? मुळींच नाहीं. ते स्वागतास बकऱ्याच्या मांसाची मेजवानी घालतात. आभाराची प्रार्थना करावयास उठलेला नेथन स्त्रियांचीं उघडीं अंगें पाहून सोडोम नगरीच्या नाशाचा दाखला देत गर्जूं लागतो, आणि मेजवानीवर विरजण पडतें. हा पहिलाच प्रसंग. येथून पुढें ह्या गांवानें नेथनला जो नकार दिला, तो एकदां नव्हे तर अनेकदां आणि अनेक प्रकारें दिला. तो कधीं सल्ल्याच्या रूपानें आला, कधीं मौनाच्या, आणि अखेर मोजलेल्या मतांच्या रूपानें आला. नेथनला तो एकदांही ऐकूं आला नाहीं. आमच्या मतें ही कादंबरी ह्या बहिरेपणाची कथा आहे.

बागेचा प्रसंग पाहा. नेथन जॉर्जियाहून भाज्यांचें बियाणें घेऊन आला आहे. ह्या अडाणी लोकांना शेती शिकवावी हा त्याचा मनोदय. घरकामास असलेली मामा टाटाबा त्याला सांगते कीं, बी सपाट जमिनींत पेरूं नये, मातीचे उंचवटे करून त्यांवर पेरावें. तो हंसतो. ती स्वतः उंचवटे करून ठेवते. तो ते पुन्हां सपाट करितो. पहिल्या मुसळधार पावसांत सारें बियाणें वाहून जातें. त्याच बागेंतील एका झाडास हात लावूं नये असेंही तिनें त्याला बजावलेलें असतें. तो तें झाड उघड्या हातांनीं उपटतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचे हात व चेहरा पुरळानें सुजून जातात. पुढें तो उंचवटे करून पुन्हां पेरणी करितो. रोपें तरारून वाढतात, फुलांनीं भरतात, पण एकही फळ धरत नाहीं. कारण त्या परक्या फुलांना ओळखणारे कीटक त्या देशांत नाहींत. लेखिकेनें येथें कोठेंही टीका केलेली नाहीं. बागेची हकीकत तिनें बागेची म्हणूनच सांगितली आहे, आणि म्हणूनच ती मनांत इतकी खोल रुजते.

नदीचा प्रसंग याहून गंभीर आहे. बाप्तिस्मा नदींत बुडवूनच दिला पाहिजे असा नेथनचा हट्ट; आणि मुलांना क्विलू नदींत उतरविण्यास एकही आईबाप तयार होत नाहींत. नेथनला ह्यांत सैतानाचा हात दिसतो. वस्तुतः आदल्या वर्षीं त्या नदींत एका मुलीला मगरीनें खाल्लें आहे, एवढेंच कारण! गांवांतील शेंबड्या पोराला जें ठाऊक होतें तें ह्या उपदेशकाला कित्येक महिने ठाऊक नसतें, कारण ‘कां नाहीं?’ असें त्यानें कोणाला कधीं विचारलेंच नाहीं. आपण मुलांचे आत्मे तारावयास बोलावीत आहों असें तो समजतो. गांवाला दिसतें तें एवढेंच कीं हा गोरा मनुष्य आमचीं मुलें मगरीच्या तोंडीं द्यावयास निघाला आहे.

कादंबरीचें नांव ज्यावरून पडलें तो शब्दही असाच. किकोंगो भाषेंत ‘बांगाला’ ह्या शब्दाचा उच्चार एका तऱ्हेनें केला तर ‘अत्यंत प्रिय’ असा अर्थ होतो, आणि किंचित् निराळ्या तऱ्हेनें केला तर ज्या झाडानें नेथनचे हात सुजविले त्या विषारी झाडाचें तें नांव होतें. प्रवचनाच्या शेवटीं नेथन मोठ्या आवेशानें येशू हा बांगाला आहे असें घोषित करितो, आणि त्याचा उच्चार दर खेपेस चुकतो. श्रोते ऐकून घेतात. उच्चार मात्र तो अखेरपर्यंत सुधारीत नाहीं. परकी भाषा बोलतांना चूक होणें हें पाप नव्हे. ज्यानें कधीं ती चूक केली नाहीं त्यानें परकी भाषा शिकण्याचा प्रयत्नच केला नाहीं असें समजावें. नेथनचा खरा दोष असा कीं समोरच्या माणसांचे चेहरे पाहून आपलें कांहीं चुकत आहे अशी शंका त्याला येत नाहीं.

अखेर गांवचा मुख्य टाटा न्डू प्रार्थनामंदिरांतच उठून प्रस्ताव मांडतो कीं, येशू ख्रिस्तास किलांगाचा देव मानावा कीं नाहीं याविषयीं मतें घ्यावीं. नेथन संतापतो, परंतु मतें घेऊन निर्णय करावयाचे ही पद्धत गोऱ्यांनींच शिकविली ना, असा त्याला सवाल येतो. मतें मोजलीं जातात. येशूच्या बाजूनें ११ आणि विरुद्ध ५६! प्रसंग विनोदी आहे, आणि लेखिकेनें तो विनोदानेंच रंगविला आहे. पण त्याच्या तळाशीं एक मोठा विचार आहे. नेथनच्या प्रवचनांचा दुभाषा आणि गांवचा शिक्षक आनातोल ह्यानें लीआला आधींच समजावून दिलेलें असतें कीं, आमच्या रीतीप्रमाणें सर्वांची समजूत पटेपर्यंत बोलणें चालूं राहतें. अर्ध्याहून एक मत अधिक मिळालें कीं उरलेल्या अर्ध्यांना गप्प बसवावें ही तुमची रीत आम्हांस विचित्र वाटते. अर्थात् ज्या गांवाला बोलणें पुरें करण्याची संवय होती, त्याला मतमोजणीची पाळी ह्या पाहुण्यानें आणली.

ह्या सर्व गडबडींत खरें मिशनकार्य जर कोणी केलें असेल तर तें पांच वर्षांच्या रूथ मेनें. ती गांवांतील मुलांना एक अमेरिकन खेळ शिकविते. एकानें ‘आई’ व्हावें, इतरांनीं दूर उभें राहावें, आणि ‘आई, येऊं का?’ असें विचारून परवानगी मिळाली तरच एक पाऊल पुढें टाकावें. न विचारतां पाऊल टाकलें तर डाव गेला. मुलें इंग्रजी शब्दांचा वाटेल तसा उच्चार करून हा खेळ खेळतात, आणि रूथ मेला त्या सर्वांचीं नांवें येतात. बापाला जें साधलें नाहीं तें लेकीला साधलें, कारण तिच्याजवळ शिकविण्यासारखें होतें तें फक्त विचारणें! ही रूथ मे हिरव्या मांबा सर्पाच्या दंशानें मरते. तिचें प्रेत समोर असतां नेथनच्या मनांत प्रथम हेंच येतें कीं हिचा बाप्तिस्मा राहून गेला. कादंबरींतील इतकें कठोर स्थळ दुसरें नसेल. आणि त्याच दिवशीं, कोसळत्या पावसांत जमलेल्या मुलांच्या तोंडीं त्या खेळाचे शब्द प्रार्थनेसारखे येतात. त्यानंतर ऑर्लिआना घरांतील सर्व वस्तु अंगणांत मांडून गांवास वांटून टाकते, उरलेल्या मुलींना घेते, आणि पायीं चालूं लागते.

रूथ मेच्या मृत्यूचा दिवस लेखिकेनें १७ जानेवारी १९६१ हा ठेविला आहे. पॅट्रिस लुमुम्बा ह्या कांगोच्या पहिल्या पंतप्रधानाचा वध झाला तो हाच दिवस. कांगो स्वतंत्र झाला ३० जून १९६० रोजीं, म्हणजे निवडून आलेलें सरकार फार थोड्या दिवसांत धुळीस मिळालें. ह्या प्रकरणांत अमेरिकेच्या हेरखात्यानें लुमुम्बास विष देण्याचा कट केला होता, हें १९७५ सालीं अमेरिकन सेनेटच्याच चौकशी-समितीनें उघड केलें. आणि लुमुम्बाचा उरलेला एक दात बेल्जमनें त्याच्या कुटुंबाच्या स्वाधीन केला तो २०२२ सालीं. एका घरांतील हट्टी बापाची गोष्ट आणि एका राष्ट्रावर दुसऱ्या राष्ट्रांनीं केलेली जबरदस्ती, ह्या दोन गोष्टी लेखिकेनें शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत. जें राष्ट्र दुसऱ्याच्या निवडणुकीचा कौल मानीत नाहीं, त्या राष्ट्राच्या नागरिकानें किलांगांतील मतमोजणी मानावी तरी कशी?

आतां दोषांकडे वळूं. कादंबरी पांच तोंडांनीं सांगितलेली आहे: आई आणि चार मुली. रेचेलचें शब्दांचे खून पाडीत बोलणें, एडाचें वाक्यें उलटीं वाचण्याचें वेड, रूथ मेचें बाळबोध शहाणपण, लीआची तळमळ, आणि मागें वळून पाहणाऱ्या आईचें अपराधी, जडावलेलें निवेदन हीं सर्व इतकीं निरनिराळीं वठलीं आहेत कीं, वर नांव नसतें तरी कोण बोलत आहे हें पहिल्या वाक्यावरून ओळखूं यावें. परंतु बापाला एकही प्रकरण दिलेलें नाहीं. ज्यानें कोणाचें ऐकलें नाहीं त्याचें आम्हीही ऐकणार नाहीं, असा हा काव्यगत न्याय दिसतो. हा न्याय आम्हांस अपुरा वाटतो. महायुद्धांत नेथनची सबंध तुकडी फिलिपाइन्समध्यें बातानच्या मृत्युयात्रेंत मेली, आणि हा एकटा जखमी होऊन आधींच हलविला गेल्यामुळें वाचला. आपण भ्याड ठरलों ही टोचणी त्याला जन्मभर लागून राहिली. असें ऑर्लिआना सांगते. एवढें सूत्र हातीं असतां त्या मनुष्याच्या मनांत एक रात्र तरी वाचकाला नेतां आलें असतें. तसें न केल्यामुळें नेथन कित्येक ठिकाणीं माणूस न राहतां बुजगावणें होतो, आणि बुजगावण्याचा पराभव पाहून वाचकाच्या मनाला धक्का बसत नाहीं. उलट ‘मी कांहीं असा नाहीं’ असें समाधान वाटतें. ज्या वाचकाला ही कादंबरी झोंबावी त्याला तिनें ही एक पळवाट ठेविली आहे.

दुसरा दोष असा कीं, रूथ मेच्या मृत्यूनंतर कथेचा वेग मंदावतो. पुढील तीस वर्षांच्या हकीकतींत लीआ आनातोलशीं विवाह करून आफ्रिकेंतच राहते, एडा वैद्यकाचा अभ्यास करिते, रेचेल हॉटेल चालविते. आणि हीं पात्रें पुष्कळ वेळां स्वतःसाठीं न बोलतां लेखिकेच्या मतांसाठीं बोलतात. मतें चुकीचीं आहेत असें नव्हे. पण पूर्वार्धांत जें काम बागेनें आणि मगरीनें केलें, तें उत्तरार्धांत व्याख्यानावर सोंपविलें आहे. आनातोल तर इतका निर्दोष आहे कीं त्याला एखादी चूक करावयास लावावी असें वाचकास वाटूं लागतें. किलांगाचीं माणसेंही आपणांस दिसतात तीं सर्व ह्या पांच गोऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांनीं. लेखिका लहानपणीं आपल्या आईबापांबरोबर कांहीं काळ कांगोंत राहिलेली आहे; तेथें ते वैद्यकीय कामासाठीं गेले होते, धर्मप्रसारासाठीं नव्हे. आपण पाहुणी म्हणून पाहिलें तेवढेंच सांगावें हा तिचा संयम प्रामाणिक आहे, आणि ती ह्या कादंबरीची मर्यादाही आहे.

ही मर्यादा कोणती तें पाहावयाचें असल्यास चिनुआ अचेबे ह्या नायजेरियन लेखकाची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही १९५८ सालची कादंबरी हिच्या शेजारीं ठेवून वाचावी. तेथें मिशनरी बाहेरून येतो आणि त्याला पाहणारे डोळे गांवाचे असतात. तेथेंही भाषेची फजिती आहे: मिशनऱ्याचा दुभाषा ‘मी स्वतः’ म्हणावयास जातो, आणि त्या गांवच्या बोलींत त्या शब्दाचा अर्थ ‘माझें बूड’ असा होतो. गांवकरी पोट धरून हंसतात. किलांगांत हंसणें आपणांस ऐकूं येत नाहीं. येथें ऐकूं येतें. अचेबेनें मिशनरीही दोन तऱ्हेचे दाखविले आहेत: गांवांतील वडीलधाऱ्यांशीं देवाविषयीं तासन् तास वाद घालणारा ब्राउन, आणि वादच नको म्हणणारा स्मिथ. अचेबे हा स्वतः एका ख्रिस्ती धर्मशिक्षकाचा पुत्र. म्हणून त्याच्या लेखणींत तिरस्कार नाहीं, आणि क्षमाही नाहीं.

किंग्सॉल्व्हर यांच्या कादंबरींतही ब्राउनच्या जातीचा एक मनुष्य आहे: किलांगांतील पूर्वीचा उपदेशक ब्रदर फाउल्स. त्यानें तेथील स्त्रीशीं लग्न केलें, तेथील भाषा आत्मसात् केली, आणि मिशननें काढून टाकल्यावरही नदीनें होडींतून औषधें घेऊन तो गांवोगांव हिंडतो. ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, थोडे दिवस जाणें वाईट आणि जन्मभर राहणें चांगलें. पण कादंबरी असें म्हणत नाहीं. नेथनही परत गेला नाहीं. पत्नी व मुली गेल्यावर तो त्याच अरण्यांत वर्षानुवर्षें राहिला, आणि शेवटीं मुलांनीं भरलेली होडी मगरीनें उलथविली तेव्हां त्याला दोषी ठरवून लोकांनीं जाळून मारलें. वर्षें वाढलीं तरी कान उघडले नाहींत. तेव्हां मुदतीपेक्षां समोरच्यानें ‘नको’ म्हटल्यास तें ऐकूं येईल काय, हाच प्रश्न मोठा ठरतो.

मुदतीचें महत्त्व आहे तें एवढ्यासाठीं कीं दोन आठवड्यांत ‘नको’ म्हणावयास कोणालाच फावत नाहीं. पाहुणा दूरून आलेला, घाम गाळणारा, हंसतमुख. त्याच्या तोंडावर कोण काय बोलणार? १९९८ सालींच मिच नांवाच्या तुफानानें होंडुरास देश उद्ध्वस्त केला. तेथें अमेरिकन मंडळ्यांनीं जाऊन बांधलेलीं घरें आणि स्थानिक संस्थांनीं बांधलेलीं घरें यांची तुलना कर्ट व्हर बीक ह्या अभ्यासकानें कांहीं वर्षांनीं केली. स्थानिक लोकांस एक घर सुमारें २,००० डॉलरांत बांधतां येई. बाहेरून आलेल्या एकेका मंडळीचा प्रवासासह खर्च सुमारें ३०,००० डॉलर झाला होता. घर कोणीं बांधलें ह्यावरून त्यांत राहणाऱ्यांच्या आयुष्यांत कांहीं फरक पडला असें दिसेना. आणि विचारल्यावर कित्येकांनीं सांगितलें कीं ह्या पैशांत आणखी घरें उठलीं असतीं तर बरें झालें असतें. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं हें उत्तर विचारल्यावर आलें. बांधतेवेळीं सर्वांनीं आभारच मानले होते.

इव्हान इलिच हा व्हिएन्नांत जन्मलेला कॅथॉलिक धर्मगुरु मेक्सिकोंत परदेशी मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकविण्याची संस्था चालवीत असे. त्यानें १९६८ सालीं, उन्हाळ्याच्या सुट्टींत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेस जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेंच एक भाषण केलें, आणि त्यांना तेथें सेवक म्हणून न जाण्याचा सल्ला दिला. तुम्हांस त्यांची भाषा येत नाहीं, म्हणून ते तुमच्याविषयीं काय म्हणतात हेंही तुम्हांस कळणार नाहीं. हिंडावयास या, शिकावयास या, पण उपकार करावयास येऊं नका, असा त्याचा आशय होता. हा सल्ला टोंकाचा आहे. तेथील डॉक्टरांनीं बोलावलें, काय करावयाचें तें त्यांनींच ठरविलें, आणि एखादा शल्यवैद्य आठ दिवस जाऊन शस्त्रक्रिया करून आला, तर त्यांत कोणाचा मानभंग होतो? परंतु अशा ठिकाणींही बोलावणारा निराळा आणि जाणारा निराळा आहे, हें विसरतां कामा नये.

आपल्या महाराष्ट्रांतील मिशनच्या इतिहासाकडे ह्याच दृष्टीनें पाहिलें तर दोन गोष्टी ध्यानांत येतात. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. चाळीस वर्षांत त्यानें आपली भाषा अशी आपलीशी केली कीं, १६१६ सालीं प्रथम छापलेलें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ ओंवीबद्ध आहे, आणि त्यांतील मराठीची स्तुति आजही शाळांतून शिकविली जाते. हा गृहस्थ नेथनच्या नेमका उलट. तथापि ज्या राजसत्तेच्या आश्रयानें तो राहत होता, तिनें त्याच साष्टी प्रांतांतील देवळें पाडलीं होतीं. म्हणजे भाषा उत्तम येणें आणि नकार देण्याची मोकळीक असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हत. दुसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर जणूं आकाश कोसळलें. त्यांनीं पतीचा धर्म स्वीकारला तो १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें त्यांचा नकार होता. रडून, रुसून, भांडून, हंसून दिलेला नकार. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना मनाला जें पटतें तें हें कीं, अखेर जो होकार आला तो त्यांचा स्वतःचा होता. ज्या नकाराला पांच वर्षें जगूं दिलें जातें त्याच्याच पोटीं खरा होकार येतो.

हें सर्व केवळ ख्रिस्ती मिशनाविषयीं आहे असें समजून कोणी निश्चिंत राहूं नये. प्रस्तुत लेखक विद्यार्थिदशेंत एका शिबिरास गेला होता. डोंगराळ भागांतील एका पाड्यावर दहा दिवस राहून आम्हीं ओढ्याच्या कांठीं, बायकांना धुणें धुवावयास सोयीचा म्हणून, दगडी चौथरा बांधला. हातांस फोड आले. निघतांना एक म्हातारा म्हणाला, “बरं झालं, पोरांनो.” तें आम्हीं वर्षभर प्रमाणपत्रासारखें जपलें. पुढील वर्षीं गेलों तेव्हां चौथरा जागेवर नव्हता. त्याचे दगड दोन गोठ्यांच्या भिंतींत होते. ती जागा गुरांच्या पाण्याची होती. आम्हीं बांधीत असतां गुरें दहा दिवस लांबच्या डोहावर नेत होते, हें आम्हांस दिसत होतें. त्याचा अर्थ मात्र आम्हीं विचारला नाहीं. म्हाताऱ्याचें ‘बरं झालं’ हें आम्ही चाललों म्हणून होतें काय, ही शंका मला ही कादंबरी वाचतांना प्रथम आली. आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुलांना सुट्टींत अशा शिबिरांस पाठवितात. अवश्य पाठवावें, परत आल्यावर मात्र तुम्हीं काय दिलें असें न विचारतां, तुम्हांला कोणी कशाला नाहीं म्हटलें काय, हें विचारावें. कोणीच म्हटलें नसेल तर त्यांत आनंद मानण्याचें कारण नाहीं.

एकंदरींत, उत्तरार्धाचा पसरटपणा आणि नेथनच्या चित्राचा एकांगीपणा जमेस धरूनही, ही कादंबरी मोलाची आहे. सेवेचा मार्ग सोडून द्यावा असें ती सांगत नाहीं. फाउल्सची होडी तिच्यांत आहे, लीआचा संसार तिच्यांत आहे, आणि जन्मभर आपल्या गप्प राहण्याचा जाब स्वतःस विचारणारी आईही तिच्यांत आहे. घराघरांतून ही कादंबरी मोठ्यांनीं वाचावी, आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलांच्या हातीं द्यावी. त्यांपैकीं जे कोणी पुढें दुसऱ्याच्या गांवीं मदतीस जातील, त्यांना नेथनचीं प्रवचनें आठवलीं नाहींत तरी चालेल. रूथ मेच्या खेळाचा नियम तेवढा आठवावा.